चार बॅटऱ्यांची वाटणी

माझ्या थोरल्या जावेला, बनुआक्काला, एक खोड आहे. कुठलीही वस्तू तिच्या हातात द्या, ती आधी तिचे दोन सारखे वाटे करणार. कलिंगड असो, काष्टीच्या बाजारातून आणलेली भेळ असो, नाहीतर म्हशीचा खरवस. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, बाई उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापत होती. सुरीनं कापलं तर पिवळं एकाच फोडीत जास्त जातं म्हणे! मला हसूच फुटलं. तिनं मान वर न करता सांगितलं, "हसू नगं. ज्येच्या ताटात कमी पडतं त्येलाच कळतं."

ते अंडं तिचा मुलगा हर्षल आणि माझा नवरा आदिनाथ यांच्यात वाटलं जायचं, अगदी दोघं लहान होते तेव्हापासून. (नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. लाजून उपयोग काय, तो ऐकतो कुठं माझं?) आक्का लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई नव्हत्या आणि हा धाकटा दीर चड्डी सांभाळत अंगणात फिरत होता. तिनंच त्याला वाढवला. पुढं हर्षल झाला, तरी आदिनाथचा घास कधी लहान झाला नाही. अख्खी वस्ती सांगते, बनुबाईच्या घरात पोटचा कोण आणि दीर कोण, हे पाहुण्याला ओळखता यायचं नाही.

ही सवय तिला कुठून लागली ते तिनं मला एकदाच सांगितलं, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता. ती पाथर्डीकडची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि हिला चुलत्याकडं ठेवायचे. चुलता वाईट नव्हता, चुलतीही मारकुटी नव्हती. फक्त हिला वाढताना तिचा हात आखडायचा. भाकरी मोडायची ती मोठा तुकडा आपल्या पोरांना आणि कोर हिला. "पोट भरायचं की," आक्का म्हणाली. "पन नजर लागायची ना बाई. मी किती खाल्लं ते समदे बघत ऱ्हायचे. तवाच ठरवलं, आपल्या हातनं कुनाला कमी जानार न्हाई, अन कुनाचं जास्तीचं आपल्या तोंडात जानार न्हाई." 

पहिलं ऐकून मला तिचं लई कौतुक वाटलं होतं. दुसरं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

आमची वस्ती काष्टीपासून आत, कॅनॉलच्या अंगाला. आमची लाईट शेतीच्या लायनीवरची. एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री येते, आणि वायर तुटली की कधीच येत नाही. गावातल्या माणसाला हे सांगून पटत नाही. त्याला वाटतं, बटण दाबलं की दिवा लागतो, एवढीच लाईटची गोष्ट.

आम्हीही कसंतरी निभावतच होतो. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कानिफनाथदादांना, म्हणजे आक्काच्या मालकांना, न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ते परत आले, पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. चार पावलं चालले की खाटेवर बसायचे. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतला ऑक्सिजन ओढून नळीनं नाकात सोडणारं ते मशीन, रात्रभर तर लागणारच, दिवसासुद्धा दम लागला की लागणार. लाईट असली तर ते मशीन. नसली तर मग कोपऱ्यातला नुसता पांढरा डबा.

म्हणून आम्ही सोलर घेतलं. तेव्हा दोघं भाऊ एकत्र होते. काष्टीचा जस्टिन साळवे सोलरची कामं करतो, त्यानं छतावर पाट्या बसवल्या, भिंतीवर इन्व्हर्टर टांगला आणि पडवीच्या बाजूच्या खोलीत चार मोठ्या बॅटऱ्या ओळीनं मांडून एकमेकींना जोडल्या. त्या चारींचं मिळून एकच काम. दिवसभर उन्हावर भरायच्या आणि रात्री मशीन चालवायचं. शिवाय अडीअडचणीला ऑक्सिजनचा एक सिलिंडर कोपऱ्यात उभा केला. दादा म्हणाले, "आता मी वस्तीवरच बरा." आणि खरंच बरे राहिले. सकाळी खाट लिंबाखाली टाकायची, तिथं बसून ते गड्याला ओरडायचे, वासरांची नावं घेऊन हाका मारायचे. नाकात नळी, पण आवाज पूर्वीचाच.

मग आमचं नवं घर झालं, जुन्याला लागूनच. मध्ये फक्त ती बॅटऱ्यांची खोली. घरं दोन झाली तशी वाटणी करायची असं दादांनीच काढलं. भांडण नाही, तंटा नाही. आमच्याकडची रीत अशी की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि पहिला उचलायचा धाकट्यानं. म्हणजे पाडणारा आपोआपच नीट पाडतो. आमच्या घरात वाटे कोणी पाडले असतील ते वेगळं सांगायला नको. आक्कानं रान वाटलं, गुरं वाटली, पितळेची भांडी वाटली, कुदळी-फावडी वाटली. मग ती बॅटऱ्यांच्या खोलीत गेली. चार बॅटऱ्या. बोट दाखवून म्हणाली, "ह्या दोन तुमच्या, ह्या दोन आमच्या. उचल."

मी म्हटलं, "आक्का, दादांचं मशीन चालतंय त्यावर. राहू द्या की चारी तुमच्याकडं."

"का? तुमाला अंधार आवडतो का?"

झालं. आदिनाथनं दोन बॅटऱ्यांवर चालणारा नवा इन्व्हर्टर आणला आणि जोडायला जस्टिनला फोन केला. जस्टिननं फोनवरच कपाळाला हात लावला असणार. "असं मधनं वायर काढायचं नसतंय," तो म्हणाला. "मी नाही जोडणार." आमच्या हिरोला राग आला. दोन तर वायरी, त्यात काय एवढं? त्यानं स्वतःच पाना घेतला, चारी बॅटऱ्या जोडलेल्याच ठेवल्या आणि मधूनच वायर काढून आमच्या दोन बॅटऱ्यांवरून आमच्या घरात लाईट घेतली. 

दादांचा जुना इन्व्हर्टर मात्र चार बॅटऱ्या असल्याशिवाय सुरूच होत नव्हता. म्हणजे तो आमच्या दोनमधूनही ओढणार. आक्काच्या जिवाला ते लागलं. सकाळी उठून बघते तर आमच्या ओट्यावर तांब्याभर दूध. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या दोनीवर आमचं मशीन चालतंय ना." मी कपाळावर हात मारला. ते दूध रोज येत राहिलं. आमच्या स्वतःच्या दोन म्हशी होत्या हो! दही लावून लावून मी कंटाळले.

थोडे महिने बरे गेले. मग आमची लाईट जेवायच्या आतच जायला लागली. दादांचा इन्व्हर्टरही मधेच टूं टूं करायला लागला. तिकडं आक्काच्या दोन बॅटऱ्या हाताला गरम लागायच्या आणि पाणी प्यायच्या. पंधरा दिवसांत त्यांचं पाणी तळाला. आमच्या दोन मात्र थंडगार, पाणी जसंच्या तसं. बॅटरीत पाणी टाकायचं काम आक्काचं. आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? जिथं कमी झालंय तिथं टाकेल. पण ही बनुआक्का! एक बाटली आपल्या दोनीत, एक बाटली आमच्या दोनीत. आमच्या आधीच भरलेल्या, त्यातून पाणी बाहेर सांडून खालची फरशी पांढरी पडली.

"आक्का, त्या भरल्यात की!"

"मग? आमच्याला दिलं अन तुमच्याला न्हाई, असं कसं?"

तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं.

आषाढात एकदा दिवसभर आभाळ होतं. त्या आठवड्यात आमच्या लायनीला लाईट दिवसाची होती, तीही दुपारी गेली. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि शेजारून आक्काची हाक आली. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. धावत गेलो तर मशीन बंद, दादा खाटेवर दोन्ही हात टेकून वाकलेले, तोंडानं श्वास ओढतायत, ओठ जांभळे. आक्का सिलिंडरच्या चावीशी झटत होती. आदिनाथनं चावी फिरवली, नळी बदलली. दादांना बोलता येईपर्यंत आम्ही तिघं श्वास धरून उभे. आमच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हर्षल आला. तो केडगावला असतो, कंपनीत आहे, फ्लॅट आहे, तिथं लाईट जात नाही, गेली तर बिल्डिंगला जनरेटर आहे. तो म्हणाला, "आता बास. चला माझ्याकडं."

दादा म्हणाले, "मला नगं. मागच्या वेळी आल्तो तवा मी खोकलो की शेजारचा दार लावून घ्यायचा. दिवसभर टीव्हीसमोर बसून मी आजारी पडंन."

"आजारी आहातच, दादा."

"हितं मी आजारी न्हाई. हितं मला नुसता दम लागतो."

हर्षलला हसावं की रडावं कळेना. पोरगा वाईट नाही, बापावर जीव आहे त्याचा. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण पुन्हा एकदा जरी मशीन बंद पडलं किंवा सिलिंडर संपला, तर मी विचारणार नाही. गाडीत घालून नेणार." आणि आक्काकडं बघून म्हणाला, "आई, तू ऐकतेस ना?" आक्कानं मान हलवली. दादा तिच्याकडंच बघत होते. वस्तीवर राहायचं तर मशीन चालत राहिलं पाहिजे. सगळं येऊन त्याच्यावर थांबलं होतं.

मग मीच जस्टिनला बोलावलं. आदिनाथला तोंड नव्हतं फोन करायला. जस्टिन आला, मधली वायर बघितली आणि आमच्या हिरोला म्हणाला, "शेवटी केलंतच का?" मग त्यानं आम्हाला समजेल असं सांगितलं. चार माणसं जेवायला बसलीत, त्यातल्या दोघांनी एकच काम केलंय आणि दोघांनी दोन घरची कामं केलीत. पण वाढणारा चौघांना सारखंच वाढतो, त्याला काय माहीत कोण जास्त राबलंय. मग दोघांचं पोट फुगतं, दोघं उपाशी उठतात. आक्काच्या दोन फुगून उकळत होत्या आणि आमच्या दोन उपाशी मरत होत्या. चोर कुणीच नव्हता.

"बॅटऱ्या वाटायच्या नसतात," जस्टिन म्हणाला. "घरं दोन असू द्या, इन्व्हर्टर दोन असू द्या. पण दोघांनी चारींतनं मिळूनच घ्यायचं. विहीर सामायिक असते ना तुमची? अर्ध्या विहिरीत कुणी मोटार टाकतं का?"

आक्कानं चारी बॅटऱ्यांकडं वळून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी माजंच चुकलं."

"तुमचं कशाला, वायर ह्यांनी जोडली," मी आदिनाथकडं बोट केलं. तो बाहेर म्हशीला पाणी पाजायला गेला.

जुन्या चारी बॅटऱ्या कामातून गेल्या होत्या. नव्या चार आल्या, चारी एकाच दिवशी, एकाच वयाच्या. आमचा इन्व्हर्टर बदलून चारीवर चालणारा घेतला. दोन्ही इन्व्हर्टरना बॅटरी कुठवर भरायची ते जस्टिननं सारखंच सांगून ठेवलं, नाहीतर एक म्हणणार भरली आणि दुसरा म्हणणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग माझ्याकडं बघत तो म्हणाला, "आता एक करू. बॅटरी उतरत आली की रेश्माताईंचा इन्व्हर्टर आधी बंद होईल असं लावतो. म्हणजे उरलेलं सगळं मशीनला राहील."

मी म्हटलं, "लाव. आत्ताच लाव."

"न्हाई," आक्का म्हणाली. "दोनी सारखंच लाव."

"अहो आक्का, दादांसाठी म्हणतोय तो!"

"कळतंय मला. पन त्यांच्या नावावर मी तुजं घर अंधारात ठेवू का? सारखंच लाव रे बाळा." जस्टिननं माझ्याकडं बघितलं, मी आदिनाथकडं बघितलं, आदिनाथनं वर बघितलं. वहिनीपुढं त्याची जीभ कधी उचललीच नाही. दोन्ही सारखंच लागलं.

पुढचं ऐका आता. जाता जाता जस्टिन बोलून गेला की या चार बॅटऱ्या रात्री साधारण चार युनिट देतील. त्याचं एवढं एकच वाक्य आक्कानं गाठीला बांधलं. चारातले दोन आपले. इन्व्हर्टरवर किती युनिट घेतले त्याचा आकडा दिसतो. ती तो बघत बसायची. दोन झाले की उठायची, मशीन बंद करायची आणि दादांना सिलिंडरची नळी लावायची. घरात लाईट असताना! बॅटऱ्या अर्ध्या भरलेल्या असताना!

मला हे कळलं तेव्हा मी तरातरा गेले तिच्याकडं. "आक्का, मी टीव्ही लावत नाही, फ्रीज बंद केलाय, एक दिवा तेवढा जाळते. बाकीचं उरतं. त्याचं काय मी लोणचं घालू?"

"उरू दे. तुजं हाय."

"आदिनाथला तुम्ही वाढवलंत ना? मग त्याचं ते तुमचं नाही?"

"वाढवलं म्हनून त्येचं खायचं व्हय? मग वाढवलं न्हाई, उधार दिलं म्हन."

"देता येतं तुम्हाला, घेता येत नाही! हा चांगुलपणा नाही आक्का, हा ताठा आहे!" मी बोलून गेले. आणि बोलले ते मागं घेत नाही, खरंच होतं ते. तिनं फक्त चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मी पाय आपटत घरी आले आणि सगळा राग भांड्यांवर काढला.

रात्रीची लाईट असली की त्या आठवड्यात काही वाटायचं नाही. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात मात्र सिलिंडर भराभर उतरायचा. तो भरून आणायचा दौंडहून, टेम्पोत घालून. आदिनाथ आणायचा, कुरकुर न करता. पण श्रावणात झड लागली. सूर्य नावाला नाही, भुरभुर नुसती. पाट्यांवर पाणी, बॅटऱ्या अर्ध्याच्या वर चढेनात, लाईट दिवसाची आणि तीही झटके देत. आक्काचं गणित मग आणखी खाली आलं. चार नाही तर दोनच मिळतायत, मग आपलं एकच. सिलिंडर संपत आला. आदिनाथ दौंडला गेला तर दुकानदार म्हणाला, गाडी आली नाही, परवा या.

त्याच संध्याकाळी आक्कानं स्वतःच हर्षलला फोन केला. मी ओट्यावर होते, मला सगळं ऐकू आलं. "ये बाबा. घेऊन जा आमाला. सिलिंडर सपला."

मी ओट्यावरून उठून आत आले. बॅटऱ्या भिंतीपलीकडं होत्या, त्यात आमच्या वाट्याची वीज होती, आणि ही बाई ती घेण्यापेक्षा नवऱ्याला त्याच्या लिंबाखालून उठवून फ्लॅटमध्ये न्यायला तयार! मी आदिनाथला म्हटलं, जा, बोल तिच्याशी. तो गेला. आणि गेला तसाच आला. "वयनी म्हनली, तुजी पोरं अंधारात अभ्यास करत्यात, मला दिसतंय." पोरं आमची मोबाईलवर असतात, अभ्यास कसला! पण ते तिला कोण सांगणार?

हर्षल दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आला. सोबत राजनंदिनी, त्याची बायको. ती दादांची औषधं पिशवीत भरत होती. मशीन खोक्यात घालायचं बाकी होतं, ते शेवटी, कारण दादा त्यावरच होते. दोन गोधड्या, कपड्यांची पेटी, आक्काचं पानसुपारीचं डबडं, सगळं गाडीत गेलं. आदिनाथ मान खाली घालून सामान उचलत होता. मी बाहेर गेलेच नाही. गेले असते तर सगळ्यांसमोर काहीबाही बोलले असते. स्वयंपाकघरात बसून मी धुतलेलीच भांडी पुन्हा घासत होते आणि रडत होते, रागानं की कशानं ते मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारात आक्का उभी राहिली. प्रवासाचं नवं लुगडं नेसलेली. मला वाटलं, निरोप घ्यायला आली. मी तोंड फिरवलं.

"रेश्मा," ती म्हणाली. "तुजं बंद कर."

"काय बंद करू?"

"इन्व्हर्टर. तुज्याकडचा."

तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती माझ्याकडं नाही, चुलीकडं बघून बोलत होती.

"बंद कर म्हनते. समदं मला पायजे. चारीच्या चारी. आजपास्नं जवा ऊन न्हाई, तवा समदं आमाला लागंल. तुमी अंधारात बसा." तिचा आवाज फाटला. "बसशील का ग?"

मी हातातली कढई टाकून उठले. "आक्का, झालं काय?"

"ह्यांना म्हनलं, चला, गाडीत बसा. तर उठंनात. म्हनले, बने, सरळ सांग. लाईट न्हाई म्हनून मी चाललोय, का तुला मागायला जमंना म्हनून चाललोय?" ती खाली बसली, तिथंच, ओल्या फरशीवर, नव्या लुगड्यानिशी. "खरंच हाय ग त्येंचं. लाईट तर हाय. भिंतीच्या पल्याड हाय. मी इतके दिवस काय वाटत हुते? त्येंचा दम वाटत हुते मी. निम्मा दम त्येंना द्यायचे अन निम्मा तुमच्या घरात ठिवायचे. चुलतीनं माजी भाकरी मोडली तर मी जल्मभर इसरले न्हाई. अन मी त्येंचं काय मोडत बसले?"

ती रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. दादांचे ओठ जांभळे झाले त्या दिवशीसुद्धा नाही. मी आत गेले आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं. पंखा फिरायचा थांबला, पोरं आतून ओरडली. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा, एक शब्द काढाल तर बघा.

परत आले तेव्हा आक्का तशीच बसलेली, पदरानं नाक पुसत. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "लई लाज वाटतीय मला."

"वाटू दे," मी म्हटलं. "होईल सवय."

तिनं माझ्या दंडाला धरलं आणि उठली. दारातून बाहेर बघत मोठ्यानं ओरडली, "हर्षल, गाडीतलं उतरव समदं! अन आधी ह्यांच्या गोधड्या काढ."